उजनीचं पाणी हिरवं का होतं? धरणाचं पाणी आणि फॉस्फरस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी सोलापूर शहर पितं, पंढरपूर पितं, आणि त्याच पाण्यावर ऊस, केळी, डाळिंब पिकतं. धरणाच्या वर पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहे. धरणाचं पाणी बिघडलं की चर्चा होते ती बहुतेक वास, फेस, जलपर्णी आणि मेलेल्या माशांची. यातल्या बहुतेक गोष्टींमागे जे मूलद्रव्य आहे त्याचं, म्हणजे फॉस्फरसचं, नाव मात्र क्वचितच कोणी घेतं. त्याबद्दल लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

उजनीचं पाणी हिरवं का दिसतं? रंग कुठून येतो?

तो रंग नाही, ते सूक्ष्म शेवाळ आहे. पाण्यात तरंगणारे हे जीव डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, पण संख्या वाढली की सगळं पाणी हिरवं होतं. त्यातली नील-हरित प्रकारची शेवाळं सगळ्यात त्रासदायक. त्यांच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे ती वर येऊन तरंगतात. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे त्यांचा दाट थर जमतो आणि वाळला की निळसर पापुद्र्यासारखा दगडांवर बसतो. धरणाच्या मध्यावर पाणी बरं दिसतं आणि फुगवट्याच्या (धरणामुळे मागे साठलेल्या पाण्याच्या) काठावर हिरवा चिखल, असं म्हणूनच होतं. काठावरून बाटली भरली तर धरण मेलंय असं वाटेल, मध्यावरून भरली तर सगळं ठीक आहे असं. दोन्ही निष्कर्ष चुकीचे.

शेवाळाला नत्र, कर्ब, ऊन असं बरंच काही लागतं. मग सगळं खापर फॉस्फरसवर का?

कारण गोड्या पाण्यात बहुतेक वेळा तोच सगळ्यात अपुरा असतो. कर्ब हवेतून मिळतो. नत्रही काही नील-हरित शेवाळं थेट हवेतून घेतात. फॉस्फरसला हवेतली वाट नाही, तो पाण्यासोबत किंवा मातीसोबतच यावा लागतो. शेवाळाच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नत्राचे साधारण १६ आणि कर्बाचे १०६ अणू असतात. म्हणजे थोडासा फॉस्फरस आला तरी त्यावर भरपूर शेवाळ उभं राहतं.

हे सिद्ध करणारा प्रयोग १९७३ मध्ये कॅनडात झाला. डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी '२२६ क्रमांकाचं तळं' मधोमध पडदा टाकून दोन भागांत तोडलं. एका भागात नत्र आणि कर्ब टाकला, दुसऱ्या भागात नत्र, कर्ब आणि फॉस्फरस. फॉस्फरस टाकलेला भाग काही आठवड्यांत हिरवागार झाला, पडद्यापलीकडचं पाणी स्वच्छ राहिलं. विमानातून काढलेला त्याचा फोटो पाहिल्यावर अमेरिका-कॅनडातला, फॉस्फेट वापरणाऱ्या साबण कंपन्यांचा 'दोष कर्बाचा आहे' हा युक्तिवाद टिकणं अवघड झालं.

नत्र निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. पण धरण वाचवायचं तर पहिला हात फॉस्फरसवर पडायला हवा.

किती फॉस्फरस म्हणजे जास्त?

तलाव-धरणांसाठी जगभर वापरली जाणारी ढोबळ वर्गवारी अशी: एकूण फॉस्फरस लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर पाणी निर्मळ, १० ते ३५ मध्यम, ३५ ते १०० म्हणजे शेवाळाला पोषक, आणि १०० च्या वर म्हणजे अतिपोषित. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. प्रयोगशाळेचे अहवाल बहुतेक मिलिग्रॅममध्ये येतात आणि '०.१' हा आकडा वाचून माणूस निर्धास्त होतो. ०.१ मिलिग्रॅम म्हणजेच १०० मायक्रोग्रॅम, म्हणजेच धोक्याची शेवटची रेघ.

आणखी एक घोळ नेहमी होतो. काही अहवालांत आकडा 'फॉस्फेट' म्हणून असतो, काहींत 'फॉस्फरस' म्हणून. फॉस्फेटच्या आकड्याला तीनने भागलं की साधारण फॉस्फरस मिळतो. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हे तपासाच.

उजनीत हा फॉस्फरस येतो कुठून?

आधी पाण्याची वाट पाहू. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर एक होतात, आणि मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. वर चाकण-तळेगावचा औद्योगिक पट्टा, मध्ये दोन महानगरपालिका, खाली दौंड-इंदापूरची ऊसशेती आणि साखर कारखाने, आणि या सगळ्याच्या पायथ्याशी उजनी. आळंदीहून पंढरपूरला वारी जाते तसं आळंदीचं पाणीही भीमेतून, उजनीतून पंढरपूरला पोचतंच.

आता हिशेब. आपण खातो त्या डाळी, धान्य, दूध, मासे या सगळ्यात फॉस्फरस असतो, आणि प्रौढ माणसाचं शरीर जेवढा आत घेतं जवळपास तेवढाच बाहेर टाकतं. माणशी रोज १ ग्रॅम धरू, हा कमीच आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या सुमारे ३१ लाख २४ हजार आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाख २७ हजार होती. मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख माणसं, म्हणजे रोज सुमारे ४,८५० किलो फॉस्फरस. आज लोकसंख्या त्याहून बरीच जास्त आहे, पण जुनाच आकडा घेऊन पुढे जाऊ. वर्षाला हे होतात सुमारे १,७७० टन.

उजनीची पूर्ण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे साधारण ३ लाख ३१ हजार कोटी लिटर. हे १,७७० टन त्या पाण्यात समप्रमाणात मिसळले तर लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅमच्या वर जातात. अर्थात सगळा फॉस्फरस धरणापर्यंत पोचत नाही. काही प्रक्रिया केंद्राच्या गाळात राहतो, काही नदीपात्रात बसतो, काही शेतात जातो, आणि पावसाळ्यात धरणातून पाणी वाहूनही जातं. पण फक्त पाचवा हिस्सा पोचून राहिला तरी आपण १०० च्या रेघेवर असतो. आणि यात साबण, कारखाने, गोठे, खतं काहीच धरलेलं नाही. ही फक्त दोन शहरांच्या जेवणाची गोष्ट आहे.

हा हिशेब कोणीही कागदावर करून पाहू शकतो. तो केला की 'धरण एवढं मोठं आहे, काय फरक पडतो' हे वाक्य तोंडातून निघत नाही.

पुण्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत ना? मग?

आहेत, आणि ती हवीतच. पण या ठिकाणी सगळ्यात मोठा गैरसमज आहे. नेहमीच्या पद्धतीचं केंद्र हे मुख्यतः सेंद्रिय घाण काढायला बांधलेलं असतं. त्याचं यश मोजतात बीओडीवर, म्हणजे ती घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाईल त्यावर. टाकीतले जिवाणू घाण खातात, वाढतात, गाळ होऊन खाली बसतात आणि जाताना त्यांच्या अंगात लागेल तेवढाच फॉस्फरस सोबत नेतात. उरलेला, म्हणजे बहुतांश, विरघळलेल्या रूपात स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यासोबत नदीत जातो. पाणी पारदर्शक असतं, वास नसतो, बीओडी नियमात असतो, आणि शेवाळाचं खाद्य तसंच्या तसं असतं.

फॉस्फरस काढायचा तर वेगळी सोय करावी लागते. एक मार्ग जैविक: टाक्यांच्या सुरुवातीला प्राणवायू नसलेला कप्पा ठेवायचा, म्हणजे फॉस्फरस साठवून ठेवणारे जिवाणू तयार होतात. दुसरा मार्ग तुरटी किंवा फेरिक क्लोराईडचा: फॉस्फरस त्यांच्याशी बांधला जाऊन खाली बसतो. दोन्ही जुने, सिद्ध मार्ग आहेत. खर्च वाढतो आणि गाळही वाढतो, आणि तो गाळ पावसाळ्यापूर्वी नीट उचलला नाही तर सगळी मेहनत पहिल्या सरीत नाल्यात जाते.

मुळा-मुठेसाठी जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून सुमारे ९९० कोटींची योजना झाली, ११ नवी केंद्रं, मिळून ३९६ एमएलडी (रोज दशलक्ष लिटर) क्षमता. कर्जाचा करार २०१६ च्या जानेवारीतला, आणि काम प्रत्यक्ष सुरू व्हायलाच कित्येक वर्षं गेली. केंद्रं पूर्ण झाली की बीओडी नक्की उतरेल. उजनी हिरवी होणं त्याने आपोआप थांबेल असं मात्र कोणी समजू नये. त्यासाठी प्रत्येक केंद्राच्या शेवटच्या पाइपावर फॉस्फरस मोजला गेला पाहिजे आणि त्यावर मर्यादा असली पाहिजे. माझ्या मते उजनीच्या सगळ्या चर्चेत ही एक मागणी पहिली असायला हवी, आणि ती क्वचितच ऐकू येते.

कायद्यात मर्यादा नाही का?

आहे, पण ढिली आणि तुटक. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण निकषांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी विरघळलेला फॉस्फेट, फॉस्फरस म्हणून मोजून, लिटरमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम. २०१७ मध्ये सांडपाणी केंद्रांसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र अधिसूचना आली. तीत सामू (पीएच), बीओडी, तरंगते कण आणि मैल्यातले जिवाणू आहेत, फॉस्फरस नाही. एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जास्त कडक निकष सांगितले, त्यात तळी-तलावांत जाणाऱ्या पाण्यासाठी फॉस्फरस १ मिलिग्रॅम आहे. आता यातली अडचण बघा: पुण्याचं पाणी कागदावर 'नदीत' सोडलं जातं. ती नदी पुढे धरणात जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, निकषाला ठाऊक नाही.

आळंदीत इंद्रायणीवर फेस दिसतो, तो फॉस्फेटचा का?

नाही. फेस होतो तो साबण-डिटर्जंटमधल्या फेस आणणाऱ्या रसायनांमुळे, बंधाऱ्यावरून पाणी आपटलं की. काही डिटर्जंटमध्ये फॉस्फेटही असतं, ते पाण्याचा जडपणा मारायला घातलेलं असतं, पण त्याला फेस नसतो. फेस नसलेल्या पाण्यात फॉस्फरस भरपूर असू शकतो, हे लक्षात ठेवायचं.

युरोपीय संघाने घरगुती कपडे धुण्याच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फरसवर २०१३ पासून कडक मर्यादा घातली. आपल्याकडे पुडक्यावर प्रमाण छापलेलं सहसा सापडत नाही. तरीही, वरचा हिशेब पाहिलात तर कळेल की फक्त पावडर बदलून भागणार नाही.

आणि शेतकरी? खतं तर तेच टाकतात.

टाकतात, आणि हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. गोणीवर 'स्फुरद' म्हणून असतो तोच हा. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत शुद्ध फॉस्फरस सुमारे १० किलो भरतो. उजनीच्या वरच्या अंगाला ऊस आहे, आणि आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश अशी आहे. प्रत्यक्षात बरेच जण दुकानदाराच्या सांगण्यावरून त्याहून जास्त टाकतात.

पण स्फुरद नत्रासारखा पाण्यासोबत झिरपून पळत नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तो चुन्याशी बांधला जातो आणि मातीच्या कणाला चिकटून बसतो. तो धरणात जातो तो मातीवर बसून, वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात, जेव्हा रान उघडं असतं. म्हणून शेतातला उपाय मुख्यतः माती धरून ठेवण्याचा आहे. बांधबंदिस्ती, पाचट न जाळता सरीत पसरणं, ओढ्याकाठी गवताचा पट्टा, ठिबक. आणि माती परीक्षण: अहवालात 'उपलब्ध स्फुरद' भरपूर आला असेल तर त्या वर्षी मात्रा कमी करून पैसे वाचवा. स्फुरद विरघळवणारे जिवाणू खत वापरून जमिनीत अडकलेला साठाही थोडाफार मोकळा करता येतो.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, गाळपेर. उन्हाळ्यात पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर पीक घेतात. ती जमीन विस्थापितांच्या पोटाची आहे, ती बंद करा असं म्हणायची माझी तयारी नाही. पण तिथे टाकलेला डीएपीचा दाणा न् दाणा जुलै-ऑगस्टमध्ये थेट धरणाच्या तळाशी असतो. गाळात मुळातच स्फुरद साठलेला असतो, त्यामुळे तिथे स्फुरदयुक्त खताची गरज आहे का हे माती तपासून ठरवावं.

आणि तुलना करायचीच तर ही करा: दोन शहरांतून रोज बाहेर पडणारा ४,८५० किलो फॉस्फरस म्हणजे डीएपीच्या ४८५ गोणी. रोज. भारत आपला बहुतांश फॉस्फेट खडक आणि फॉस्फोरिक आम्ल आयात करतो. परकीय चलन देऊन आणलेली वस्तू आपण नदीत सोडतो आणि मग ती काढायला जलपर्णीचे ठेके देतो.

जलपर्णी काढली की फॉस्फरसही जातो ना?

ती नदीपात्रातून उचलून लांब नेली तर थोडा जातो. काठावर ढीग लावून सोडली तर ती कुजते आणि सगळं पहिल्या पावसात परत पात्रात. जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते, त्यामुळे उशिरा सुरू झालेलं काम कधीच पुरं पडत नाही. ती रोगाचं लक्षण आहे.

धरण भरून वाहिलं की घाण धुऊन जात नाही का?

वरचं पाणी बदलतं, तळ बदलत नाही. उजनीत तर हे जास्तच खरं आहे: ११७ पैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरता तळाशी राहणारं पाणी, आहे, उपयुक्त साठा साडेत्रेपन्नच्या आसपास. एवढा मोठा मृतसाठा असलेलं धरण म्हणजे मातीवर बसून आलेला फॉस्फरस खाली बसायला भरपूर जागा.

तळाच्या गाळात तो लोहाशी बांधलेला असतो, तोही जोवर तिथे प्राणवायू आहे तोवर. उन्हाळ्यात मेलेलं शेवाळ खाली जाऊन कुजतं, तळाचा प्राणवायू संपतो, लोहाची पकड सुटते आणि जुना फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. म्हणून आज वरून येणारा सगळा फॉस्फरस बंद केला तरी पुढची काही वर्षं पाणी हिरवंच राहील. ज्या वर्षी पातळी फार खाली जाते त्या वर्षी हे ठळक दिसतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उपयुक्त साठ्याच्या उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती. म्हणजे मृतसाठ्यातलंही सुमारे ३२ टीएमसी वापरून झालं होतं. त्या वेळी नळाला येतं ते तळाजवळचं पाणी.

मासे पहाटेच का मरतात?

दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री घेतं. दुपारी मोजलं तर पाण्यात प्राणवायू गरजेपेक्षा जास्त, आणि उजाडायच्या आधी जवळपास शून्य. म्हणून मासे मेल्याची तक्रार आली की अकरा वाजता येऊन घेतलेला नमुना 'सर्व ठीक' दाखवतो. नमुना पहाटे साडेपाचला घ्यायला हवा. चिलापी कमी प्राणवायूत तग धरते, कटला-रोहूला ते जमत नाही.

उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला फ्लेमिंगो येतात, म्हणजे पाणी चांगलं आहे ना?

तो याचा पुरावा नाही. त्यांना उथळ पाणी आणि चिखलातलं भरपूर खाद्य लागतं. अन्नद्रव्यांनी भरलेल्या फुगवट्यात ते मिळतं. पक्षी येवोत, त्याचा आनंदच आहे, पण ते पिण्याच्या पाण्याचं प्रमाणपत्र देत नाहीत.

हे पाणी पिण्याने काय होतं? उकळलं तर चालेल?

फॉस्फरस स्वतः विषारी नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याला मर्यादाही नाही. प्रश्न शेवाळाचा आहे. काही नील-हरित शेवाळं यकृताला घातक विष तयार करतात. त्यातल्या मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दीर्घकाळाची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे. उकळून हे विष जात नाही. जंतू मरतात, विष राहतं, उलट शेवाळाच्या पेशी फुटून ते पाण्यात मोकळं होतं. चांगल्या प्रतीचा सक्रिय कोळसा किंवा आरओ ते बरंचसं अडवतो. शिवाय शेवाळाने भरलेल्या पाण्यात जास्त क्लोरिन घातलं की नको ती उपउत्पादनं तयार होतात, म्हणून शेवाळ आधी गाळून काढणं हे जलशुद्धीकरण केंद्राचं काम आहे, घराघराचं नाही.

काठावर हिरवा थर असेल तिथे जनावरांना पाणी पाजू नका, मुलांना उतरू देऊ नका. जनावरं दगावण्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत.

कुठे सुधारणा झाली आहे का?

झाली आहे. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन सरोवरात १९५० च्या दशकात प्रक्रिया केलेलंच सांडपाणी येत होतं आणि तरी ते शेवाळाने भरलं. लोकांनी मतदान करून स्वतंत्र यंत्रणा उभी केली, १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी सरोवराबाहेर वळवलं, आणि जेमतेम मीटरभर दिसणारं पाणी सत्तरच्या दशकात तीन मीटरच्या पुढे दिसायला लागलं. पण त्यांना वळवायला समुद्र होता. पुण्याला तो नाही. आपल्याला फॉस्फरस काढावा लागेल किंवा ते पाणी शेतात न्यावं लागेल. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शेतीसाठीच्या बेबी कालव्यात पाणी उचलतात तो त्याच दिशेचा प्रकार आहे, फक्त उचललेलं पाणी नीट प्रक्रिया केलेलं हवं.

आपल्याला जास्त शिकवणारं उदाहरण न्यूयॉर्क शहराच्या कॅनन्सव्हिल जलाशयाचं. वरच्या गावांचं सांडपाणी आणि दुधाच्या गोठ्यांचं शेण यामुळे तिथे फॉस्फरस वाढला होता. १९९७ च्या करारानुसार खालच्या शहराने वरच्या गावांची केंद्रं सुधारायला आणि शेतकऱ्यांना गोठे सावरायला पैसे दिले. तिथे पैसा आणि ताकद खालच्या शहराकडे होती, म्हणून तो करार झाला. आपल्याकडे महानगर वर आहे आणि खाली माढा, करमाळा, पंढरपूर. खालच्यांच्या हातात पैसा नाही, त्यामुळे त्यांच्या बाजूने नियमच उभा राहायला हवा.

आम्ही गावातले लोक काही मोजू शकतो का?

हो, पाणी किती खोलपर्यंत पारदर्शक आहे ते. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची चकती घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मधोमध वजन आणि दर १० सेंटिमीटरला खूण केलेली दोरी बांधा. दुपारच्या सुमाराला होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. चकती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहा. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी. पावसाळ्यात गढूळपणामुळे आकडा फसवतो, म्हणून नोव्हेंबर ते मे या काळातले आकडे महत्त्वाचे.

फॉस्फरससाठी नमुना प्रयोगशाळेत द्यायचा असेल तर बाटली त्यांच्याकडूनच घ्या. घरी साबणाने धुतलेली बाटली वापरली तर अहवालात तुमच्याच साबणाचा फॉस्फेट येऊ शकतो. नमुना बर्फात, अंधारात ठेवा आणि ४८ तासांच्या आत पोचवा. 'एकूण फॉस्फरस' आणि 'विरघळलेला ऑर्थोफॉस्फेट' दोन्ही मागा.

माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं?

'प्रदूषणाची माहिती द्या' असं लिहिलं तर गठ्ठा येतो, उपयोग होत नाही. महानगरपालिकेकडे प्रत्येक प्रक्रिया केंद्राचं नाव घेऊन मागा: मागच्या बारा महिन्यांत आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या एकूण फॉस्फरसच्या तारीखवार नोंदी, त्या दिवशी किती एमएलडी पाणी आलं, किती प्रक्रिया न करताच वळवलं, आणि गाळ कुठे नेला त्याच्या पावत्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याच केंद्राच्या संमतीपत्राची प्रत मागा आणि त्यात फॉस्फरसची अट आहे का ते बघा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'फॉस्फरस मोजला जात नाही' असं उत्तर आलं तर तेच लेखी उत्तर घेऊन पालकमंत्र्यांकडे, कालवा सल्लागार समितीकडे आणि हरित लवादाकडे जाता येतं.